कोचचे चुकलेले अंदाज

नॉर्ब हेल्मिशला नॉर्ब म्हणणारी क्लेनबर्गमध्ये मी एकटीच. बाकी सगळं गाव त्याला कोच म्हणतं. फादर लायनस म्हणतात, दातांचा डॉक्टर म्हणतो, आणि त्याची बायको विल्मासुद्धा स्वयंपाकघरातून ओरडते ते "कोच, कचरा बाहेर ठेव!" असंच. मी शाळेत त्याच्यापुढे एक वर्ग होते आणि भागाकार येईना म्हणून त्याला फळ्यापाशी रडताना पाहिलेलं आहे. त्यामुळे माझ्या तोंडून काही कोच निघत नाही.

मी आमच्या रेडिओ स्टेशनवर असते. दुकानदारांकडून जाहिराती गोळा करायच्या, त्या टेपवर भरायच्या, आणि हिवाळा आला की हायस्कूलच्या बास्केटबॉल सामन्यांचं समालोचन करायचं, ही माझी कामं. चेंडू कुणाकडे आहे, कुणी टाकला, गेला की नाही, एवढं मी सांगते. का टाकला आणि आता पुढे काय होणार, ते नॉर्ब सांगतो. माझ्या वाट्याला झालेलं आणि त्याच्या वाट्याला होणारं, अशी वाटणी आहे. लोकांना अर्थातच होणारं ऐकायचं असतं.

तो कॉलेजच्या संघात होता हे खरं. त्या संघाने देशपातळीच्या स्पर्धेत नाव काढलं हेही खरं. या दोन वाक्यांमधली मोकळी जागा मात्र गावाने आपल्या मनाने भरली. गस न्हाव्याच्या खुर्चीत बसलात, तर केस कापून होईपर्यंत नॉर्बने उपांत्य सामना एकट्याच्या बळावर ओढलेला असतो. दाढीही करायची असेल तर अंतिम सामनाही. प्रत्यक्षात नॉर्ब चारही वर्षं बाकावर होता. पण बाकावरची त्याची जागा ठरलेली होती, कॉलेजच्या कोचला अगदी खेटून. या पोराचे पाय मंद आहेत, पण डोळे नाहीत, हे त्या कोचने ओळखलं होतं. समोरचा संघ काय करणार हे नॉर्ब आधीच पुटपुटायचा. "आता तो उंच पोरगा मागून शिरेल." आणि तो उंच पोरगा मागून शिरायचा. खेळाडू म्हणून त्याने किती घाम गाळला विचाराल, तर मी विषय बदलीन. पण बघितलं त्याने भरपूर.

त्या डोळ्यांच्या भांडवलावर तो गावात परतून आमच्या मुलांचा कोच झाला, आणि गुडघे, रक्तदाब आणि शाळेचं मंडळ या तिघांनी मिळून घरी बसवेपर्यंत कोच राहिला. घरी बसल्यावर महिन्याभरातच विल्माचा स्टेशनवर फोन आला.

"आयलीन, तुमच्याकडे बोलायचं काम असतं ना? मग याला घेऊन जा."

"काय झालं?"

"मी ताटल्या पुसत होते, तर म्हणतो, आता ती निळी घसरणार."

"घसरली?"

"त्याने म्हटल्यावर घसरणारच ना!"

असा नॉर्ब रेडिओवर आला. आला आणि गावाला त्याची चटकच लागली. क्लेनबर्गमध्ये लोक सामन्याला जाताना उशी, पॉपकॉर्न आणि खिशातला छोटा रेडिओ घेऊन जातात. समोर पोरी खेळत असतात, डोळे धड असतात, तरीही कानात रेडिओची नळी घालून बसतात. जोडी नावाची आमची पोरगी चेंडू घेऊन उजवीकडे पळताना दिसते. पण नॉर्बने म्हटल्याशिवाय ती पळाली असं कुणी धरत नाही. मी एकदा गसला विचारलं, "अरे, समोर दिसतंय ना?" तर म्हणाला, "दिसतं गं, पण कोच दोन सेकंद आधी दाखवतो."

आता कॉरिन. नॉर्बची एकुलती एक मुलगी, आणि मी तिची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून ती मला मावशी म्हणते. ती आमच्या मुलींच्या संघाची कोच. बापासारखेच डोळे, आणि पाय मात्र आईचे, म्हणजे चालणारे. गॅरेजवर ठोकलेल्या रिंगखाली बापानेच तिला शिकवलं. ती आता मुलींना जे डाव शिकवते ते स्वतःचे आहेत म्हणून सांगते. आहेतही, म्हणजे नावं तिची आहेत. बाकी सगळं गॅरेजमधलंच. त्यामुळे नॉर्बला तिचे डाव ओळखायला दोन सेकंदही लागत नाहीत. जोडीने चेंडू उजव्या कमरेवर टेकवला, की हा लगेच माइकमध्ये, "मागचं दार! पॅटी क्लेम मागच्या दाराने शिरणार!" आणि पॅटी बचावाच्या पाठीमागून सुळकन बास्केटखाली. गाव खूश, बाप खूश.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. वॉशर्स मिलला हरवणं. ते गाव आमच्यापासून नदीपलीकडे, त्यांचा कोच रॉजर पेल, चेहरा लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा घट्ट. आमच्या पोरी इतर सगळ्यांना झोपवायच्या आणि वॉशर्स मिलपुढे मात्र त्यांचा एकेक पास अडायचा. पॅटी मागच्या दाराशी पोचायची तर तिथे आधीच कुणीतरी उभी. डिसेंबरात आमच्याकडे हरलो. जानेवारीत त्यांच्याकडे.

जानेवारीतल्या त्या सामन्यात मध्यंतराला मी कॉफी आणायला निघाले. वाटेत त्यांचा बाक. पोरी आत गेलेल्या, मागे पेलची सहायक टीना तेवढी टॉवेल गोळा करत होती. आणि तिच्या बॅगेतून माझा आवाज आला.

"शेंक आणि मुलगे, दुःखाच्या प्रसंगी तुमच्या सोबत."

अंत्यसंस्कारवाल्या शेंकची जाहिरात, मीच भरलेली. स्वतःचा आवाज परक्याच्या बॅगेतून ऐकणं, आणि तेही त्या वाक्याला, हा काही सुखाचा अनुभव नाही. टीनाने घाईने बॅगेची चेन ओढली. मी कॉफी घेतली, जागेवर आले आणि दुसरा अर्धा भाग एक डोळा खेळावर, एक तिच्यावर ठेवून बोलले. तिच्या कॉलरमधून केसांत एक बारीक वायर गेलेली होती. नॉर्ब म्हणाला, "मागचं दार." टीना पेलकडे झुकली. पेलने दोन बोटं वर केली. आणि त्यांची लांब हातांची पोरगी पॅटीच्या आधी जाऊन उभी राहिली.

परतताना व्हॅन मी चालवत होते. मी सांगितलं.

"नॉर्ब, तुझं ऐकतात."

"कोण?"

"पेलचा बाक. त्या टीनाच्या कानात तू असतोस."

तो सीटवर माझ्याकडे वळला.

"सगळा सामना?"

"सगळा."

"म्हणजे पेल माझ्या अंदाजावर चालतो?"

"तुला आनंद झालाय."

"छे! कसला आनंद!" असं म्हणून त्याने टोपी सरळ केली. माणूस टोपी कधी सरळ करतो हे मला कळतं. धान्याच्या कोठारापर्यंत तो तसाच ताठ बसला होता. कोठार मागे गेलं आणि त्याचा आवाज बदलला.

"आयलीन... म्हणजे कॉरिनला मी हरवलं."

"दोनदा," मी म्हटलं. सवलत द्यायची मला सवय नाही.

तक्रार करावी तर कुणाकडे? रेडिओ ऐकू नये असा काही नियम नाही. शिवाय तक्रारीत लिहावं लागलं असतं की आमचाच माणूस आमचे डाव फोडतो, तोही ध्वनिक्षेपकावरून, शेंकच्या सौजन्याने. "कॉरिनला तरी सांग," मी म्हटलं. तो मान हलवत राहिला. "सांगितलं तर ती माझ्या भीतीने डाव बदलेल. पोरींच्या अंगात वर्षभर मुरलेत ते. आता बदलले तर कुणालाही हरवता येणार नाही. तू शब्द दे, गप्प राहशील." मी दिला. जाहिराती विकणाऱ्या बाईकडून असा शब्द घेणं म्हणजे त्याची हतबलताच.

फेब्रुवारीत सेक्शनल लागली. म्हणजे आसपासच्या गावांची बाद फेरी. जिंकणारा पुढे विभागात जातो. आमच्या मुलींनी ती कधीच जिंकलेली नाही. जिममध्ये भिंतीवर मुलांच्या विजयाचे फलक, आणि मुलींसाठी सोडलेल्या जागेवर अग्निशामक नळकांडं लटकवलंय. कॉरिन रोज त्याच्याकडे बघून सरावाला सुरुवात करते. आमच्या पोरी अंतिम सामन्यात पोचल्या. पलीकडून वॉशर्स मिल पोचलं. आणि त्याच आठवड्यात राजधानीतून फोन आला.

तिथल्या एका टीव्ही वाहिनीवर राज्य स्पर्धेचे सामने दाखवतात, आणि त्यात मुख्य निवेदकाशेजारी एक जाणकार बसतो. त्या खुर्चीतला म्हातारा निवृत्त होत होता. फोनवर हॅलोरन नावाचे गृहस्थ होते. "कोच हेल्मिश, लोक सांगतात तुम्ही घडायच्या आधी सांगता. आम्हाला तेच हवंय. शनिवारी येतो, तुमच्या मागे बसून हेडफोन लावून ऐकतो. तसंच बोललात तर खुर्ची तुमचीच समजा."

नॉर्बच्या कपाटात एक निळा कोट आहे. कॉलेज सुटलं त्या वर्षी घेतलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, टीव्हीवर बोलावतील तेव्हा घालायचा म्हणून. मध्ये दोनदा तो विल्माने शिवण उसवून सैल करून आणला आहे. बोलावणं येत नव्हतं, पण पोट येत होतं. माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट मागितली आणि ती गावाबाहेरची असली, की गाव त्याला हसतं. मीही हसले आहे. पण त्या दिवशी त्याने फोन उलटा ठेवला, आणि मी हसले नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आधी सांगितलं तर पेल ऐकणार. नाही सांगितलं तर हॅलोरन ऐकणार."

"आजारी पड."

"हॅलोरन आजारी माणसाला खुर्ची देतो का?"

"नुसतं झालेलं सांग. माझ्यासारखं."

"तुझं काम करायला राजधानीतून माणूस कशाला येईल?"

मी ते मनावर घेतलं नाही. म्हणजे लिहून ठेवलं नाही एवढंच.

शनिवारी जिम छतापर्यंत भरली. एकीकडे आमचा हिरवा रंग, एकीकडे त्यांचा लाल, हवेत पॉपकॉर्न आणि ओल्या बुटांचा वास. नॉर्ब निळा कोट घालून आला. वरचं बटण लागत होतं, खालच्याबद्दल बोलायला नको. कॉरिन आमच्या टेबलापाशी थांबली.

"बाबा, लग्न आहे का कुणाचं?"

"टीव्हीवाले आलेत."

"मग पोट आत घे. आणि आज जरा कमी बोल, माझ्या पोरी तुझ्याकडे बघतात."

"मी काय बोलतो ते त्यांना ऐकू येत नाही."

"हात किती हलवतोस! बहिऱ्यालाही ऐकू येईल." ती हसून गेली. बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. हॅलोरन आमच्या मागे बसले होते, पातळ ओठांचे, गुडघ्यावर हेडफोन. समोर पेलच्या बाकावर टीना. केस मोकळे सोडलेले, कानांवरून.

पहिल्या क्वार्टरला नॉर्बने ठरवलंच नव्हतं असं मला वाटतं. माइक समोर आला आणि सवय बोलू लागली. जोडीने चेंडू कमरेवर टेकवला आणि हा, "मागचं दार!" टीना झुकली, पेलची दोन बोटं, लांब हात आडवे. चेंडू गेला. पुन्हा एकदा, पुन्हा तसंच. मागे हॅलोरन खूश होऊन "वा" म्हणाले. मी टेबलाखाली नॉर्बच्या गुडघ्यावर बूट मारला, दुखऱ्या. "आणि कोच हेल्मिश यांना जरा खोकला झालाय," मी श्रोत्यांना सांगितलं.

कॉरिनने टाइमआउट घेतला. पोरी तिच्याभोवती जमल्या, पण ती डाव काढायच्या फळीवर काही काढत नव्हती. ती नुसती पॅटीकडे बघत होती, आणि पॅटी जमिनीकडे. मी गावातली बरीच पोरं हरताना पाहिली आहेत. आपल्याच अंगावरचा विश्वास उडालेली पोर लगेच ओळखू येते. नॉर्बलाही आली.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो गप्प झाला. संपूर्ण. गप्प नॉर्ब हे गावाने कधी ऐकलेलंच नव्हतं. चौथ्या रांगेत विल्माने रेडिओ कानातून काढला, हलवला, मांडीवर आपटला आणि बॅटरी बदलायला घेतली. तिच्या मागच्या तिघींनीही बदलल्या. मी एकटी किती भरणार? शेंकची जाहिरात तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचली असती तर लोकांनी पुढाऱ्यांपैकी कोण गेलं म्हणून फोन केले असते. मागून हॅलोरन पुढे झुकले.

"कोच, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? मी ज्यासाठी आलोय ते..."

"येतंय," नॉर्ब म्हणाला.

मध्यंतराला त्याने कॉफी घेतली नाही. कोटाचं बटण काढलं, लावलं, काढलं. गुण बघितले: आम्ही मागे, पण फार नाही. मग त्याने मला विचारलं, "जोडी डावीकडे शेवटची कधी गेली?"

"मुळात जातेच कुठे? तूच तर तिची डावीकडची खोड मोडलीस. उन्हाळाभर गॅरेजमागे."

"हं," तो म्हणाला.

तिसरा क्वार्टर सुरू झाला. जोडीने चेंडू उजव्या कमरेवर टेकवला. नॉर्ब माइकला ओठ लावून, फळ्यापाशी रडणारा तोच पोरगा आज बाप होऊन, अगदी गोड, ठाम आवाजात म्हणाला, "जोडी आता डावीकडे जाणार. जोडीला डावी बाजू फार आवडते."

टीना झुकली. पेलचा एकच अंगठा वर. लांब हात डावीकडे धावले. आणि पॅटी क्लेम मागच्या दारातून आत, घरच्यासारखी.

"अरेच्चा," नॉर्ब म्हणाला. "चुकलं."

पुढच्या वेळी तो म्हणाला, बाहेरून फेकणार. आमच्या पोरी आत घुसल्या. तो म्हणाला आत घुसणार, मग त्यांनी बाहेरून फेकला. एकेक चूक तो इतक्या आत्मविश्वासाने करत होता, की मला माझ्याच डोळ्यांवर संशय यायला लागला. बघ्यांत नळ्या घातलेले लोक एकमेकांकडे वळू लागले. ज्या माणसाने दोन सेकंद आधी दाखवलं, तो आता दोन सेकंद भलतंच दाखवत होता. गस न्हावी उभा राहून ओरडला, "कोच, चष्मा घाल रे!" फादर लायनस यांनी नळी काढून हातरुमालाने पुसली. विल्मा तर पर्समधून रक्तदाबाच्या गोळ्या काढून माझ्याकडे दाखवू लागली.

आणि मागे हॅलोरन. मी वळून पाहिलं नाही, पण त्यांच्या पेनाचा आवाज येत होता. काहीतरी लिहून त्यावर आडवी रेघ मारल्याचा. नॉर्बनेही तो ऐकला. त्याची मान लाल झाली. मी म्हटलं आता हा मोडेल. पण जोडीने चेंडू कमरेवर टेकवला आणि नॉर्ब म्हणाला, "डावीकडे. यावेळी नक्की डावीकडे. पैज लावतो."

चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही पुढे गेलो. पेल काही वेडा नव्हता. टाइमआउट घेऊन तो टीनाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलला. तिने आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात उलटेपालटे केले. म्हणजे नॉर्ब म्हणतो त्याच्या उलटं. आणि तेव्हापासून नॉर्ब "डावीकडे" म्हणाला की त्यांच्या पोरी उजवीकडे. फरक भराभर संपला. शेवटच्या काही सेकंदांना आम्ही एका गुणाने मागे, चेंडू आमचा.

कॉरिनने फळीवर एकच रेघ ओढली. आम्हा दोघांना ती दिसायची गरज नव्हती. मी नॉर्बकडे पाहिलं. तो टीनाकडे पाहत होता, कॉलेजच्या बाकावरून पाहायचा तसा. ओठ हलत होते, आवाज नाही. जोडीने चेंडू उजव्या कमरेवर टेकवला.

"मागचं दार," नॉर्ब म्हणाला. "उजवीकडून. पॅटी क्लेम."

अगदी खरं. शब्दन् शब्द खरा. टीनाने तो ऐकला, मान हलवली आणि पेलला डावीकडचा हात दाखवला. वॉशर्स मिलच्या पाचही पोरी जणू कुणी बोलावल्यासारख्या डावीकडे सरकल्या. पॅटी बास्केटखाली इतकी एकटी होती, की तिला वाटलं शिट्टी झाली असावी. क्षणभर तिने पंचाकडे पाहिलं. मग टाकला.

त्यानंतरचं मी माइकमध्ये काय बोलले ते टेपवर आहे आणि ते फारसं बरं नाही. सगळं गाव खाली उतरलं. कॉरिन पोरींच्या ढिगाखाली गेली. कुणीतरी भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं काढून डोक्यावर नाचवलं, आणि मुख्याध्यापक ते परत लावायला धावले.

हॅलोरन यांनी हेडफोन टेबलावर ठेवले. सभ्य माणूस, हात पुढे केला.

"शेवटचा मात्र बरोबर आला, कोच."

"हो. कधीकधी येतो."

"वयाचं असंच असतं. माझे वडीलही..." पुढे न बोलता ते गेले. नॉर्ब त्यांच्या पाठीकडे बघत राहिला, दरवाजा बंद होईपर्यंत. सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य जिमभर झालं असतं, आणि कॉरिनला कळलं असतं की आधी दोनदा कुणी हरवलं. त्याने कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला, आणि मला म्हणाला, "या कोटात श्वास घेता येत नव्हता."

खुर्ची दुसऱ्या कुणालातरी मिळाली. क्लेनबर्गने नॉर्बला माफ केलं, पण चिडवल्याशिवाय नाही. गसने दुकानात पाटी लावली: डावीकडचे केस आधी कापले जातील. नॉर्ब कॅफेत डुकराच्या तळलेल्या मांसाचं सँडविच घ्यायला गेला तर वाढणारी म्हणाली, "कोच, तुम्हीच सांगा आज काय मागणार, म्हणजे मी दुसरं आणते." तो पापनिवेदनालाही जाऊन आला. खोटं बोलल्याचं, बहुतेक. आत फार वेळ लागला नाही. फादर लायनस यांनीही वॉशर्स मिलकडून वर्षानुवर्षं हार पाहिलेली आहे.

सोमवारी कॉरिन स्टेशनवर आली. "मावशी, सामन्याची टेप दे. जिंकलेलं ऐकायचंय." बापाचं समालोचन तिने कधीच ऐकलेलं नव्हतं, तो बोलतो तेव्हा ती खेळवत असते. मी शब्द दिला होता गप्प राहण्याचा. टेप न देण्याचा शब्द माझ्याकडून कुणी घेतला नव्हता. मी ती लावली आणि शेजारच्या खोलीत जाऊन कागद चाळत बसले.

पहिल्या क्वार्टरला ती "ए बाबा!" म्हणून चिडली. शेंकच्या तिसऱ्या जाहिरातीला हसली. मग "जोडीला डावी बाजू फार आवडते" आलं, आणि तिच्या खुर्चीचा आवाज थांबला. तिने टेप मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा.

"मावशी."

"हं."

"पेल ऐकत होता?"

मी कागद चाळत राहिले. चांगला चाळला.

"डिसेंबरातही?"

"शेंकचं बिल कुठे गेलं बघ ना," मी म्हटलं.

ती उठली. जाताना टेप मागितली नाही. दारात थांबून विचारलं, "त्या माणसासमोर? कोट घालून?"

"खालचं बटण लागत नव्हतं," मी म्हटलं.

विभागाचा सामना आमच्यापासून दोन तासांवरच्या शहरात होता. तिथे आमचं स्टेशन पकडत नाही. आवाज टेलिफोनच्या तारेने गावात जातो आणि गावातच ऐकू येतो. आम्ही टेबलावर वायरी जोडत होतो तेव्हा कॉरिन आली. नॉर्बने नेहमीचा तपकिरी स्वेटर घातला होता. तिने हातातली पिशवी त्याच्यापुढे ठेवली. आत निळा कोट, शिंप्याकडून पुन्हा एकदा सैल करून आणलेला.

"हा कशाला? इथे टीव्हीवाले नाहीत."

"मी आहे ना. घाल. आणि आज जे दिसेल ते सगळं सांग. इथे तुझं कुणाला ऐकू येत नाही."

नॉर्बने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी एक वायर फार काळजीपूर्वक तपासत होते.

"आयलीन, तू शब्द दिला होतास."

"मी एक अक्षर बोलले नाही. टेप बोलली."

कॉरिनने त्याचं वरचं बटण लावलं. खालचंही लावलं, लागलं. "बाबा, वॉशर्स मिलचे दोन सामने तुझ्या नावावर मांडलेत मी," ती म्हणाली. "गॅरेजची रिंग वाकडी झालीय, ती सरळ करून दे, मग बघू. आणि उन्हाळ्यात मी चार डाव नवे बसवतेय. तुला ओळखू येणार नाहीत असे."

"येतील."

"बघू."

त्या दिवशी नॉर्बने जे जे सांगितलं ते ते घडलं. पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत एकही अंदाज चुकला नाही. पॅटी कुठून शिरणार, जोडी कधी थांबणार, आणि समोरची ती सहा फुटी पोरगी आमचे सगळे चेंडू वरच्या वर कसे उचलणार, हेही. आम्ही सपाटून हरलो. व्हॅनमध्ये कॉरिन पुढच्या सीटवर होती आणि नॉर्ब मागे, कोटासकट. तो म्हणाला, "आता त्या चार डावांपैकी पहिला कसा असणार सांगू?"

"बाबा, गप्प बस," कॉरिन म्हणाली, आणि रेडिओ लावला.